कोर्ट मॅरेजमध्ये विधी कोणते करावेत? आणि हळद कोणी लावावी?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



तुळशीची लग्नं लागली, कार्तिक संपत आला, आणि आपल्या परिवार ग्रुपवर पत्रिका यायला लागल्या. यंदा पत्रिकांच्या बरोबर एक प्रश्नही आला. आपल्या करोंदमधल्याच एका घरातून आला. ते घर कोणतं हे आम्ही सांगत नाही, कारण हा प्रश्न एकाच घराचा नाही.

मुलगी नोकरी करते. मुलगा दुसऱ्या जातीचा, विदिशाकडचा, घरात हिंदी बोलणारा. दोघांनी ठरवलंय की लग्न कायद्याने, नोंदणी पद्धतीने करायचं आणि मग घरच्या माणसांसमोर मोजके विधी करायचे. मुलीचे वडील नाहीत. घरच्या मोठ्यांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली मोठ्या आवाजात विचारली : नुसत्या सहीने झालेलं लग्न खरं धरायचं का? दुसरी जरा हळू विचारली : हळद कोण लावणार, आणि वडिलांच्या जागी कोण बसणार? काका-काकू बसतील असं जवळजवळ ठरलंही. मुलीची आई एवढंच म्हणाली की मी स्वयंपाकाकडे बघते, मला पुढे बोलावू नका.

गुरुवारच्या सत्संगात यावर बरंच बोलणं झालं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरी पुढे-मागे असं लग्न होणार आहे त्यांच्यासाठी, हे सविस्तर लिहीत आहोत.

*१. सही हलकी समजू नका*

आपल्यात कोर्ट मॅरेज म्हटलं की पळून जाऊन केलेलं लग्न, असंच डोळ्यांपुढे येतं. तसं नाही. विशेष विवाह अधिनियम 1954 चा आहे, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच आजी-आजोबांच्या लग्नाहूनही जुना. या कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहिलेला असावा लागतो. नोटीस कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात आणि 30 दिवस थांबावं लागतं. मुलाला 21 आणि मुलीला 18 वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. तीन साक्षीदार लागतात. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. याला घाईचं लग्न कोण म्हणेल?

आता या कायद्यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट सांगतो. तो म्हणतो, लग्न तुम्हाला हव्या त्या पद्धतीने करा. पण एक गोष्ट झाल्याशिवाय ते पूर्ण होणार नाही. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना, स्वतःच्या तोंडाने, मी तुझा स्वीकार करतो, मी तुझा स्वीकार करते, असं सांगितलं पाहिजे. आणि तेही त्यांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत. मराठीत म्हणा, हिंदीत म्हणा, बुंदेलीत म्हणा.

साधकहो, आपल्या मांडवात तरी वेगळं काय असतं? हिंदू विवाह अधिनियम 1955 चं कलम 7 सांगतं की ज्या घरच्या रीतीत सप्तपदी आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. आणि ते सातवं पाऊल कशाचं? पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी, आणि सातवं सख्यासाठी. म्हणजे शेवटी दोन माणसांनी एकमेकांना सखा म्हणायचं. कचेरीतलं वाक्य आणि सातवं पाऊल, दोन्हीकडे गाभा एकच आहे : शब्द देणं.

एक सावधगिरीची सूचना इथेच देतो. हे दोन वेगळे रस्ते आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. 1954 च्या कायद्याने लग्न केलं, तर कायद्याच्या दृष्टीने ते कचेरीतच पूर्ण झालं. नंतरचे विधी मनासाठी आणि माणसांसाठी. पण 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखाली नोंद करायची असेल तर आधी विधी खरोखर झालेले असले पाहिजेत. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र आणलं, तर ते लग्न धरता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. परदेशी जायचं म्हणून, व्हिसासाठी म्हणून घाईने कागद करून ठेवणाऱ्यांनी हे नीट ऐकावं.

*२. मग विधी कशाला जोडायचे?*

काही तरुण मंडळी विचारतात, सहीने सगळं होतंच, तर मग हळद, अंतरपाट, अक्षता कशाला? आम्ही म्हणतो, देव निर्गुण आहे हे आपल्याला ठाऊक आहे. तरी आषाढात पाय पंढरीकडेच वळतात ना? डोळ्यांना विटेवरचं रूप लागतं. तसंच लग्नाचं. दोघांनी शब्द दिला हे खरं, पण तो शब्द आजीला दिसला पाहिजे, लहान भाच्याला दिसला पाहिजे, शेजारच्या काकूंना दिसला पाहिजे. विधी म्हणजे आतल्या संकल्पाला दिलेलं सगुण रूप. रूप नसलं तरी संकल्प राहतो. पण संकल्पच नसेल तर रूप किती का सजवा, ते रिकामंच राहतं.

आणि विधी आपण निवडायचे म्हणजे शास्त्र सोडायचं, असंही नाही. आश्वलायन गृह्यसूत्र विवाहाचं सांगायला लागतं तेव्हा आधीच म्हणतं की देशोदेशीच्या आणि गावोगावच्या रीती नाना प्रकारच्या आहेत, त्या विवाहात पाळाव्यात, आम्ही फक्त सगळीकडे समान आहे तेवढं सांगतो. बघा, हजारो वर्षांपूर्वीच्या ऋषींनी केवढी मोकळीक ठेवली! म्हणूनच कोकणातलं लग्न वेगळं, वऱ्हाडातलं वेगळं, आणि आपल्या माळव्यातल्या मराठी घरांतलं आणखी वेगळं.

आपल्याच समाजात याचं मोठं उदाहरण आहे. 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. पुरोहित नव्हता. हुंडा नव्हता. वधू-वरांनी सगळ्यांसमोर स्वतः शपथ घेतली. सावित्रीबाई त्यात पुढे होत्या. पण लक्षात घ्या, जोतीरावांनी विधी टाकून दिले नाहीत. त्यांनी नवी मंगलाष्टकं रचली, मराठीत, वधूला आणि वराला दोघांनाही समजतील अशी, आणि त्यात वधूलाही बोलायला लावलं. फुलांच्या माळा राहिल्या, मंगलाष्टकं राहिली, साक्षीला समाज राहिला. गेलं ते फक्त न समजता मान हलवणं.

*३. कोणते विधी ठेवावेत?*

यादी फार लांबवू नका. मोबाईलवर व्हिडिओ बघून हल्ली दोन रंगांची वाळू एका बाटलीत ओततात, मेणबत्तीने मेणबत्ती पेटवतात. त्यात वाईट काही नाही. पण तोच अर्थ सांगणारं काही आपल्या घरात आधीच असेल, तर ते आधी बघावं. सत्संगात चार-पाच गोष्टी सगळ्यांना पटल्या.

🔸 *अंतरपाट.* दोघांच्या मध्ये कापड धरतात आणि ते दूर होतं, एवढाच विधी. पण त्या क्षणी सगळा मांडव श्वास रोखून उभा असतो. हा अंतरपाट दोन्ही आयांनी धरावा, एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. ज्यांनी दोघांना वाढवलं त्यांनीच पडदा बाजूला केला, यापेक्षा मोठा आशीर्वाद कोणता?

🔸 *पाणी एकत्र करणं.* दोन्ही घरून तांब्याभर पाणी आणावं आणि एका कलशात ओतावं. एकदा मिसळलं की हे कुठलं आणि ते कुठलं, कोणी सांगू शकत नाही. नर्मदामाईचं पाणी असेल तर उत्तमच, नळाचं असलं तरी चालेल, आपल्या भोपाळच्या कितीतरी नळांना तिचंच पाणी येतं. तेच पाणी मग दारच्या तुळशीला घालावं.

🔸 *पाट्यावर पाय.* याला अश्मारोहण म्हणतात. दगडासारखी स्थिर राहा, असा त्याचा भाव. जुन्या रीतीत वधूच पाय ठेवते. स्थिर राहायचं ते दोघांनी, तर पाय दोघांनी ठेवावा. घरातला वाटण वाटायचा पाटा त्यासाठी चालतो.

🔸 *सप्तपदी.* सात पावलं, आणि प्रत्येक पावलाला एक साधं वाक्य, एक जण मराठीत आणि एक जण हिंदीत. वाक्यं दोघांनी आधी बसून लिहावीत. पाळता येणार नाही असं एकही वाक्य त्यात नको. “तुझ्या डोळ्यांत कधी पाणी येऊ देणार नाही” असं म्हणू नका, ते कोणालाच जमलेलं नाही. “तुझी आई आजारी पडली तर मी सुट्टी घेईन” असं म्हणा. देवासमोर खरं बोलावं.

🔸 *अक्षता.* तांदूळ पायाखाली येऊ नये. चिमूटभर अक्षता वडिलधाऱ्यांनी डोक्यावर ठेवाव्यात, बाकीच्यांनी फुलांच्या पाकळ्या टाकाव्यात, आणि वाचलेले तांदूळ गरजू घरी शिधा म्हणून द्यावेत.

कन्यादानाबद्दल दोन मतं पडली. काहींना तो विधी हवा, काहींना मुलगी दान द्यायची वस्तू वाटत नाही. आम्ही एवढंच सुचवतो की पाणिग्रहण ठेवावं, एकमेकांचा हात धरणं. आणि दोन्ही घरच्या मोठ्यांनी दोन्ही मुलांना जवळ घेऊन, आजपासून दोघंही आमची, एवढं म्हणावं.

कोणताही विधी जोडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. *याचा अर्थ आम्हा दोघांना माहीत आहे का? फोटो काढणारा नसता तरी आम्ही हे केलं असतं का? आणि हे करताना कोणाला मागे उभं राहावं लागतंय का?* पहिले दोन प्रश्न मुलांसाठी आहेत. तिसरा आपल्या सगळ्यांसाठी.

*४. हळद कोण लावणार?*

आता त्या हळू आवाजातल्या प्रश्नाकडे येऊ. खरं तर सगळं पत्र याच्यासाठी आहे.

डिसेंबरची 2 आणि 3 तारीख जवळ आली आहे. 1984 च्या त्या रात्री आपल्या शहरात काय झालं ते इथे कोणाला सांगायला नको. त्या गॅसकांडात ज्यांचे नवरे गेले, त्या बायकांसाठी सरकारने घरं बांधली, ती आपल्या करोंदमध्येच आहेत. कागदावर जीवन ज्योती कॉलनी लिहितात, पण ऑटोवाल्याला “विधवा कॉलनी” म्हटलं की कळतं. एका अख्ख्या वस्तीला बायकांच्या दुःखाचं नाव चिकटलं. त्या बायकांनी पोरं एकटीने वाढवली, कचेऱ्यांचे आणि दवाखान्यांचे उंबरे झिजवले, मुलींची लग्नं जमवली. आणि हळदीच्या वेळी त्यांच्यातल्या कितीजणी दाराआड उभ्या राहिल्या असतील, याचा विचार आपण करतो का?

आणि हे त्याच वस्तीत होतं असं नाही. आपल्या परिवारातही होतं. कोणाचे यजमान आजारात गेले, कोणाचे अपघातात. बाई घर चालवते, सत्संगाला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या घालते, आणि लग्न आलं की आपणहून मागच्या रांगेत जाते. कोणी तिला जा म्हणत नाही. पण कोणी थांबही म्हणत नाही.

आम्ही विचारतो, हा हात अशुभ कसा झाला?

आपण माळव्याच्या शेजारची माणसं. अहिल्याबाई होळकरांचं नाव घेतलं की आपली मान ताठ होते. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव गेले. त्यानंतर 1767 पासून 1795 पर्यंत त्यांनी महेश्वरहून राज्य सांभाळलं. काशी विश्वनाथाचं मंदिर 1780 मध्ये पुन्हा उभं केलं ते त्यांनी. घाट बांधले, विहिरी बांधल्या, धर्मशाळा बांधल्या. ज्या मातेने उभारलेल्या मंदिरात आपण नवस बोलतो, ती आज आपल्या मांडवात आली असती, तर आपण तिला हळदीच्या वाटीपासून दूर बसा म्हटलं असतं का?

जिजाऊसाहेबांचं बघा. शहाजीराजे 1664 मध्ये गेले. 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा आईसाहेब हजर होत्या, आणि त्या होत्या म्हणून तो सोहळा पूर्ण झाला असं आपण मानतो. छत्रपतींच्या अभिषेकाला जी आई शुभ, ती मुलीच्या हळदीला अशुभ कशी?

शास्त्राचं म्हणाल, तर आपस्तंब गृह्यसूत्रात सांगितलं आहे की विवाहातल्या रीती स्त्रियांकडून समजून घ्याव्यात. स्त्रियांकडून, असं म्हटलं आहे. त्यांच्या कपाळाकडे बघून मग विचारा, असं म्हटलेलं नाही.

आणि लोक बदलत आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आपल्या गावात होणार नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. काही दिवसांतच महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. एका ग्रामपंचायतीला जे जमलं, ते एका गुरुपरिवाराला जमणार नाही?

आता त्या कायद्याकडे पुन्हा एकदा बघा. तीन साक्षीदार हवेत, असं तो म्हणतो. त्यांची जात विचारत नाही. गळ्यात काय आहे, कपाळावर काय आहे, ते विचारत नाही. पहिल्या साक्षीदाराच्या जागी मुलीच्या आईने सही केली, तर ती सही कोणाहीपेक्षा कमी नाही. जो मान सरकारी रजिस्टर देतं, तो आपला मांडव देत नसेल, तर दोघांपैकी धर्म कुठे जास्त आहे, याचा विचार आपण करावा.

*५. पण आईला ओढू नका*

इथे एक गोष्ट सांभाळून सांगायची आहे. हे वाचून उत्साही मुलं आईचा हात धरून तिला भरमांडवात पुढे ओढतील, सगळ्यांदेखत. तसं करू नका. इतकी वर्षं तिच्या मनात भीती बसलेली आहे की माझ्या हाताने लेकीचं काही वाईट झालं तर? ही भीती वेडी नाही. ती तिच्या प्रेमातूनच आली आहे. तिच्यावर भाषण देऊन ती जात नाही.

आधी तिच्याशी एकटीशी बोला. शक्यतो मुलीने बोलावं, आणि होणाऱ्या जावयाने. मग मुलाच्या आईने येऊन विचारावं, की आपण दोघी मिळून हळद लावू या का? आणि हळदीच्या दिवशी काकूने, मामीने, ज्या सवाष्ण आहेत त्यांनी, पहिली वाटी तिच्या हातात द्यावी. तुम्ही द्याल तेव्हाच तिला खरं वाटेल. पुरुषांनी टाळ्या वाजवून हे होत नाही, बायकांनी जागा करून दिल्याने होतं.

तरीही ती नको म्हणाली तर रागावू नका. तिची साक्षीदाराची सही घ्या, अंतरपाटाचं एक टोक तिच्याकडे द्या, तुळशीला पाणी घालताना तिला जवळ उभी करा. एका दिवसात सगळं होत नसतं. पण तिला स्वयंपाकघरात लपू देऊ नका. कन्येच्या लग्नात आई लपलेली असावी, हे कोणत्या देवाला आवडेल?

काका-काकूंनाही आमची विनंती. तुम्ही मायेने पुढे आलात, ते विसरण्यासारखं नाही. वडिलांच्या जागी बसा, पण आईला तिच्या जागेवरून उठवू नका. तिघांनी बसावं. पाट चार मांडावे लागले तर चार मांडा.

*६. या महिन्याची सेवा*

मार्गशीर्ष सुरू होतोय. गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीचा घट बसेल, शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकू होईल. आतापर्यंत त्याला आपण सवाष्णींनाच बोलावत आलो. यंदा प्रत्येक घराने एक तरी अशी ताई, काकू, आजी बोलवावी, जिला इतकी वर्षं कोणी बोलावलं नाही. तिच्या घरी स्वतः जाऊन आमंत्रण द्यावं, फोनवर निरोप नको. कुंकू लावून घ्यायचं की नाही, ते तिच्यावर सोडावं. हळद लावावी, फळ द्यावं, नमस्कार करावा, आणि बसा म्हणावं.

ज्यांच्या घरी पुढच्या महिन्यांत नोंदणी लग्न आहे, त्यांनी कचेरीत आधी जाऊन कागदपत्रांची यादी आणावी. विवाह अधिकारी जवळच्या हॉलमध्ये येऊ शकतात का, हेही तिथेच विचारावं. कायद्यात तशी सोय आहे, त्यासाठी वेगळं शुल्क भरावं लागतं. विधींचं लिहून काढायला मदत हवी असेल तर गुरुवारी सत्संगाला दोघांनी मिळून यावं, मराठी आणि हिंदी दोन्ही वाक्यं बसून करू.

आणि करोंदच्या त्या माउलीला, जी हे नक्की वाचत असेल, आमचं एवढंच सांगणं : ताई, स्वयंपाकाचं आम्ही बघतो. तुम्ही पुढे बसा.

सद्गुरूंच्या चरणी सगळ्यांचं मंगल चिंतून आजची सेवा पूर्ण करतो.

॥ शुभं भवतु ॥ 🙏🌼